टोरीच्या तेलाचा खळगा

माझ्या मोठ्या भावाला एखादी गोष्ट पटवून द्यायची म्हणजे दगडावर डोकं आपटून घ्यायचं. हे मी आता म्हातारपणी त्याच्या माघारी म्हणतो आहे असं कोणी समजू नये. त्याच्या तोंडावर मी हे कितीतरी वेळा म्हणालो, आणि त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे, "मंग डोकस तुहं फुटन. दगडाचं काय जाते?"

आमचं गाव पोंभुर्ण्याजवळ. पुढे धानाच्या बांध्या, मागे जंगल. मला आधी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, आणि मग नागपूरला शिकायला पाठवायचं हे घरात त्यानंच ठरवलं, आणि मी जे जे शिकून आलो त्यातल्या प्रत्येक गोष्टीला तोच नाही म्हणाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याला पटायला दोन पावसाळे गेले. पटलं तेसुद्धा उपकार केल्याच्या चेहऱ्यानं, माझ्या हट्टापायी त्यानं तिला फिरू दिलं असं वाटावं. गावाला मात्र त्याची ही हुज्जत फार आवडे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणेरावळे जमतात, आणि भर दुपारी दंडार होते, म्हणजे नाच, गाणी आणि सोंगं. भाऊ आमच्या गावच्या दंडारीचा म्होरक्या. ओळ तो म्हणायचा, मागचे झीलकरी ती उचलायचे. पण लोक खरे जमायचे ते दोन गाण्यांच्या मधे सोंगाड्याशी तो जी बाचाबाची करायचा ती ऐकायला. आवाज मोठा, एकेक शब्द स्वच्छ. सोंगाड्यानं काहीही म्हणावं आणि भावानं 'नाई' म्हणून त्याला अडवावं, एवढ्यावर माणसं पोट धरून हसायची.

मी तेव्हा मुंबईत एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो. एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं. आमच्याकडे अवरक्त किरणांचं यंत्र नुकतंच आलं होतं. तांबड्या रंगाच्या पलीकडचा हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, अंगाला ऊब म्हणून जाणवतो. कुठल्याही पदार्थातले रेणू सारखे थरथरत असतात, आणि प्रत्येक प्रकारची थरथर या प्रकाशातली आपल्या वाट्याची लहर तेवढी गिळते. म्हणून पदार्थाच्या पातळ थरातून हा प्रकाश पाठवायचा आणि पलीकडे किती पोचला ते बघायचं. यंत्राची लेखणी कागदावर रेघ ओढत जाते, आणि जिथे लहर गिळली गेली तिथे रेघ खाली खळग्यात उतरते. प्रथिनांचे खळगे एका जागी, तेलातुपाचे दुसऱ्या जागी. कॅन्सर झालेल्या मांसात रेणूच बदलत असतील तर तो बदल या रेघेत दिसायला हवा, असं आमच्या साहेबांच्या मनानं घेतलं होतं. परदेशात काही जण हे करून बघत होते. साहेबांना एकाच माणसाच्या तोंडातले दोन तुकडे हवे होते, एक रोगट आणि एक निरोगी, आणि तेही औषधाच्या बाटलीत न बुडवलेले, कारण बाटलीतलं औषध स्वतःच रेणूंमध्ये ढवळाढवळ करतं. असे तुकडे त्यांना कोणी देईना, आणि त्याचा राग ते रोज सकाळी माझ्यावर काढत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेलो तेव्हा जेवताना भाऊ एकाच बाजूनं चावत होता. मी विचारलं तर म्हणाला दात दुखतो. मी तोंड उघडायला लावलं. ज्या गालात तो दिवसभर तंबाखू-चुन्याची गोळी धरून ठेवायचा, त्याच गालात आतून जखम होती, काठ कडक आणि वर उचललेले. असे फोटो मी साहेबांच्या टेबलावर पाहिले होते.

"कवापासून हाय हे?" मी विचारलं.

"हाय तवापासून हाय."

वहिनी भात वाढत होती. ती म्हणाली, "होळीच्या आंधीपासून हाय भाऊजी. मी सांगून सांगून थकली."

चांद्याच्या डॉक्टरकडे चल, म्हटलं तर नाही. का नाही, तर धानाचं बी काढायचं आहे. बी मी काढतो, म्हटलं तर तुला ते जमत नाही. हे खरं होतं, त्यामुळे मी आणखी चिडलो. डॉक्टर तुकडा काढतील असं कळल्यावर तर विषयच संपला. डॉक्टरला तुकडा दिला की डॉक्टर मोठा तुकडा मागतो, असं त्याचं म्हणणं. मग मी माझं हत्यार काढलं.

"एवढासा तुकडा, भाऊ. आमच्या मुंबईच्या मशीनमदी टाकतो. ते आतलं सगळं सांगते. मानूस चुकते, मशीन चुकत नाई."

यंत्राचं नाव काढताच तो सावरून बसला. कसलं यंत्र, कसा प्रकाश, दिसत नाही तर आहे कशावरून, असं सुरू झालं. काच हा प्रकाश अडवते, म्हणून यंत्रातला लोलक आणि खिडक्या सैंधवाच्या, म्हणजे मिठाच्याच असतात, असं मी सांगितलं तर तो हसायला लागला. मिठातून उजेड जातो हे मी मानत नाही, म्हणाला. गावाकडच्या दवाखान्यात तुकडे मिळाले तर बघ म्हणून साहेबांनी बरोबर सामान दिलं होतं, त्यात घासून लख्ख केलेली मिठाची एक चकती होती. हिला बोटसुद्धा लावू नका, ओल लागली की गेली, असं बजावून त्यांनी ती दिली होती. ती मी त्याला कागदात धरून दाखवली. त्यानं ती उचलली, उजेडाला धरली, आरपार पाहिलं, आणि मी हां हां म्हणेपर्यंत जिभेनं चाटली.

"मीठच हाय," तो म्हणाला.

चकती गेली. पण तो चांद्याला यायला तयार झाला, तेव्हा चकतीचा हिशेब मी सोडून दिला. मूल गावापर्यंत बैलांच्या बंडीनं आणि पुढे मोटारीनं आम्ही गेलो. वहिनीही आली.

चांद्याचे डॉक्टर वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी जखमेचा तुकडा काढला, त्याचा अर्धा भाग सूक्ष्मदर्शकासाठी बाटलीत टाकला आणि अर्धा मला दिला. माझ्या विनंतीवरून दुसऱ्या, चांगल्या गालाचाही कणभर तुकडा त्यांनी काढून दिला. मी तिथेच एका खोलीत बसून वस्तऱ्याच्या पात्यानं पातळ काप केले, मुंबईहून आणलेल्या, ओल सोसणाऱ्या चकत्यांवर पसरले आणि ओल शोषणाऱ्या पुडीबरोबर काचेच्या बरणीत बंद केले. डॉक्टर बघत होते. म्हणाले, "तुमच्या यंत्राचं तुम्ही बघा. पण याला मुंबईला न्या. आत्ता गेला तर थोडक्यात सुटेल." पुढे सूक्ष्मदर्शकाचं उत्तरही तेच आलं. कॅन्सर.

मी भावाला समोर बसवलं आणि सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता घाबरेल, आता ऐकेल.

"अन् तुही मशीन काय म्हंते?" त्यानं विचारलं.

"मशीन मुंबईले हाय, भाऊ. डाक्टरनं पायलं ना!"

"डाक्टर मानूस हाय. तूच म्हनला होता, मानूस चुकते. तू मुंबईले जा, मशीनले विचार, मंग मी येतो."

मी ओरडलो, विनवण्या केल्या, जेवलो नाही. मी जेवलो नाही म्हणून वहिनी जेवली नाही, आणि आम्हा दोघांचं मिळून तो जेवला. आभाळ भरून आलं होतं, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आला होता. मी बरणी मांडीवर घेऊन एकटाच मुंबईला परतलो.

तिथे दुसरंच रामायण. मुंबईच्या पावसात आमच्या यंत्रातला मिठाचा लोलक घाम धरायचा. म्हणून यंत्राच्या पेटीत चोवीस तास दिवे लावून ऊब ठेवायची, आणि हवा कोरडी झाल्याशिवाय साहेब कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. हवा काही कोरडी होईना. मी रोज खोलीच्या दाराशी उभा राहून विचारायचो आणि साहेब नकारार्थी मान हलवायचे. तिकडे माझ्या भावाच्या गालात ते काय वाढत होतं कोण जाणे, आणि आम्ही एका मिठाच्या खड्याची मर्जी सांभाळत बसलो होतो. त्या यंत्राला लाथ घालावी असं मला कितीदा वाटलं.

श्रावण सरताना एकदाचं यंत्र चाललं. आधी निरोगी तुकड्याची रेघ निघाली, मग रोगट तुकड्याची. साहेबांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीला धरले. रोगट तुकड्याच्या रेघेत एका ठिकाणी खोल खळगा होता. निरोगीत तिथे जवळजवळ सपाट. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांना चहा पाजला. पेशी बिघडली की तिच्यात स्निग्ध पदार्थ साठत असले पाहिजेत, असं त्यांनी चहा संपायच्या आत ठरवून टाकलं आणि निबंध लिहायला घेतला.

मीही आनंदलो, खोटं कशाला सांगू. भावाच्या गालातल्या रोगानं मला आनंद व्हावा हे विचित्रच, पण माझा आनंद दुहेरी होता. आता त्याच्यापुढे टाकायला माझ्याकडे यंत्राचा शब्द होता. मी घरी कळवलं, मशीनही तेच म्हणते आहे. उत्तर आलं, मंडई आटोपली की येतो. मला लगेच यायला हवा होता. पण जन्मात पहिल्यांदा तो हुज्जत न घालता माझ्या एका गोष्टीला हो म्हणाला होता, ती ओढून ताणून तोडायची माझी हिंमत झाली नाही.

त्याला घेऊन यायचं म्हणून दिवाळीला मी गावी पोचलो. सकाळी अंगणात तोंड धूत होतो. भाऊ पडवीत भिंतीला टेकून तोंड वर करून बसला होता. वहिनी चुलीवरून एक पळी घेऊन आली. त्यानं कापसाचा बोळा पळीत बुडवला आणि बोटानं गालात आत सारून दाबून धरला. मोहाच्या तेलाचा तो जड वास मला अंगणात आला.

आमच्याकडे मोहाच्या बियांना टोरी म्हणतात. टोरीचं तेल दिव्याला, भाजीला, फुटलेल्या टाचांना, आणि ज्याला दुसरं औषध सापडत नाही त्या सगळ्याला.

"हे कवापासून चालू हाय?" मी विचारलं.

तोंडात बोळा होता म्हणून वहिनीनंच उत्तर दिलं. "पयल्यापासून. दिवसातून तीनदा लावतेत. चांद्याले गेलो ना, त्या दिवशी तं मी मोटारीत बसाच्या आंधी लावून देल्लं, अन् दवाखान्यात गेल्यावर आनखी एकदा. जखम नरम दिसावं म्हून. डाक्टरनं म्हनू नये का घरचे पाहत नाईत."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. स्निग्ध पदार्थ. तो खोल खळगा तेलातुपाच्याच जागी होता. एका गालात तेल, दुसऱ्या गालात नाही. डॉक्टरांनी वरवर पुसलं असेल, पण तीन-चार महिने मुरलेलं तेल पुसून जातं थोडंच? आमचे साहेब ज्यावर निबंध लिहीत बसले होते, तो कॅन्सरमधला रेणूंचा बदल माझ्या वहिनीच्या पळीतून आला होता.

मनात ठेवायला हवं होतं. पण मी तिथल्या तिथे कपाळावर हात मारून ओरडलो, "अरे देवा! म्हंजे मशीनले रोग दिसलाच नाई, तेल दिसलं!"

भावानं बोळा काढून बाजूला ठेवला. "काय म्हनला?"

मी सावरायचा प्रयत्न केला. काही नाही म्हणालो. पण हुज्जत घालणाऱ्या माणसाचे कान तिखट असतात. त्यानं एकेक प्रश्न विचारत माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि मग समाधानानं मांडी घातली.

"म्हंजे तेल सोडून तुह्या मशीनले काईच सापडलं नाई."

"तसं नाई, भाऊ. तेलाच्या गडबडीत बाकीचं काई समजलंच नाई."

"समजलं नाई म्हंजे सापडलं नाई. मंग मले काई झालं नाई."

"डाक्टरनं सूक्ष्मदर्शकातून पायलं! पेशी पायल्या त्याईनं!"

"मानूस चुकते. मशीन चुकत नाई. कोन म्हनलं होतं?"

मी त्याला काय काय सांगितलं! यंत्र नवं आहे, त्याला अजून काही कळत नाही, ते आम्हीच शिकतो आहोत, चांद्याच्या डॉक्टरांचा डोळा माझ्या यंत्राच्या शंभर पट भरवशाचा आहे. जितकी मी यंत्राला नावं ठेवली तितका तो त्याची बाजू घ्यायला लागला. माझ्याच यंत्राची तरफदारी तो माझ्याविरुद्ध करत होता, आणि माझ्यापेक्षा चांगली करत होता. आमचा आवाज ऐकून दंडारीची दोन पोरं कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि हसायला लागली. त्यांना वाटलं, तालीम चालली आहे.

वहिनी मात्र हसली नाही. दुपारी ती मला विहिरीपाशी गाठून म्हणाली, "मी तेल लावलं ते चुकलं का भाऊजी?"

"नाई वहिनी. तेलानं काई बिघडलं नाई."

"मंग तुमी तसे काऊन ओरडले? दोन दिवस गप राहिले असते तं मी त्याईले गाडीत बसवलं असतं. तुमची मशीन खरी का खोटी, मले काय करायचं हाय? मले हे जित्ते पायजेत." एवढं बोलून तिनं पदर डोळ्यांना लावला. मला तिचा राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

साहेबांना मी तारेनं कळवलं की खळगा तेलाचा आहे. त्यांचीही तार आली. जखम नीट धुऊन नवा तुकडा घेऊन ये. बस. म्हणजे एकाला यंत्र निर्दोष ठरवून घरी बसायचं होतं, दुसऱ्याला यंत्रासाठी आणखी एक तुकडा हवा होता, आणि त्या गालात जे होतं त्याची घाई मला आणि वहिनीला सोडून कोणालाच नव्हती. ती तार मी चुलीत घातली.

मंडईपर्यंतच्या त्या दिवसांत मी पाहत होतो. भाऊ भात कालवून पातळ करून खायला लागला होता. जांभई आली की गालाला हात लावायचा. मी बघतो आहे असं दिसलं की हात काढून घ्यायचा. एकदा मी म्हणालो, तोंड उघडून दाखव. त्यानं उघडलं. दोन बोटंही शिरली नसती एवढंच उघडलं. "पुरे हाय," तो म्हणाला. "गाना गाले एवढं पुरते."

मंडईच्या दिवशी दुपारी शाळेसमोरच्या मोकळ्या जागी लोक दाटीवाटीनं बसले होते. पोंभुर्ण्याकडचे पाहुणे होते, जंगलातल्या वाड्यांवरची माणसं आपापली तांदळाची पुरचुंडी बांधून आली होती. ढोलकी वाजली. भाऊ फेटा बांधून पुढे आला, नमनाची ओळ उचलली, आणि ती त्याच्या तोंडातून नीट निघालीच नाही. आवाज होता, सूर होता, पण शब्द दातांच्या आतच राहिले. त्यानं पुन्हा उचलली. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. भावानं यंदा तोतऱ्याचं सोंग काढलं, असं त्यांना वाटलं.

माझ्या शेजारी बसलेला म्हातारा हसता हसता माझ्या गुडघ्यावर थापा मारत होता. त्याचा हात धरून मोडावा असं मला वाटलं.

मागच्या झीलकऱ्यांना मात्र कळलं. त्यांतल्या थोरल्यानं ओळ उचलली, पाठोपाठ बाकीच्यांनी. ती सगळी त्यांना पाठच होती. भाऊ पुढे उभा राहून हातवारे करत राहिला, आणि त्याच्या वाटणीचे शब्द मागून येत राहिले. पण मग गाणं संपलं आणि सोंगाड्या पुढे आला. तो काहीतरी म्हणाला, आणि सगळा समुदाय भावाच्या 'नाई'ची वाट पाहायला लागला. हुज्जतीला झील कुठून आणणार? भावानं तोंड उघडायची खटपट केली, गाल धरला, आणि दंडार तशीच सोडून चालत घरी गेला.

मी घरी पोचलो तेव्हा तो फेटा सोडून त्याची नीट घडी घालत बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाल. कुठी जाचं हाय तिथी चाल."

यात माझा काही विजय नव्हता. मी बंडी जुंपायला सांगितली.

मुंबईच्या सर्जननी त्याचं तोंड तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. उन्हाळ्यात आणलं असतं तर गालाच्या आतल्या कातडीवर भागलं असतं, म्हणाले. आता जबड्याच्या हाडात शिरलं होतं आणि जिभेच्या कडेलाही लागलं होतं. अर्धा जबडा आणि जिभेचा मोठा भाग काढावा लागेल. जगेल. पण बोलणं फारसं राहणार नाही. मी आत जाऊन त्याला हे सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं, आता तरी नाही म्हणेल, आणि काय सांगू, त्या क्षणी त्यानं नाही म्हणावं असंही मला वाटलं. त्यानं भिंतीकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, कापा.

ऑपरेशननंतर साहेबांना पाहिजे होता तसा तुकडा मिळाला, तेल नसलेला, स्वच्छ धुतलेला. हिवाळ्याची कोरडी हवा होती, यंत्रही तक्रार न करता चाललं. दोन रेघा निघाल्या. साहेबांनी त्या एकावर एक ठेवून खिडकीला धरल्या आणि बराच वेळ पाहिल्या. कुठे केसभर इकडेतिकडे. रोगामुळे म्हणावं तर तेवढा फरक एकाच तुकड्याच्या दोन कापांतही पडत होता. ज्या रोगानं माझ्या भावाचा अर्धा जबडा खाल्ला, तो आमच्या त्या वेळच्या यंत्राला दिसलाच नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, चांगली यंत्रं आल्यावर, लोकांनी त्या केसभर फरकातूनही अर्थ काढायला सुरुवात केली. साहेब तेव्हा नव्हते.

ते दोन कागद मी पुढच्या उन्हाळ्यात गावी नेले. भाऊ पडवीत बसला होता. चेहरा एका बाजूनं आत गेला होता, वहिनी त्याला पेज पाजत होती. तब्येत ठीक होती. शेतावर जात होता. मी कागद त्याच्यापुढे पसरले आणि म्हणालो, "पाय भाऊ, तुहंच खरं निंगालं. मशीनले काईच दिसलं नाई. तू जिंकला."

त्यानं दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली.

मला ते सोसवेना. मी म्हणालो, टोरीचं तेल म्हणजे नुसतं साबणाच्या कामाचं, खायला काही चांगलं नाही. त्यानं मान डोलावली. मी म्हणालो, आपल्या धानापेक्षा कोकणातला तांदूळ चवीला बरा. त्यानं मान डोलावली. मी म्हणालो, पृथ्वी फिरते असं म्हणतात ते सगळं खोटं आहे. त्यालाही त्यानं मान डोलावली.

"काऊन त्याईच्या मागं लागून राह्यले, भाऊजी?" वहिनी पेजेचा वाडगा उचलत म्हणाली. "ते आता सगळ्यालेच हो म्हंतेत."

"मंग नाई म्हन ना!" मी त्याच्यावर ओरडलो. "एकदा तरी नाई म्हन!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, तोंडावरची पेज पंच्यानं पुसली आणि हो म्हणून मान हलवली.